फोटोतलं सोनं

घरोघरी जुन्या फोटोंची एक पेटी असते, नाहीतर निदान पिशवी तरी. कधी ती उघडून बसलात तर एक गोष्ट जरूर बघा. एकाच घरातले, एकाच काळातले, एकाच ट्रंकेत राहिलेले दोन फोटो शेजारी शेजारी ठेवा. एक पिवळा पडून इतका पुसट झालेला असतो की आजोबांची मिशी कुठे संपते आणि गाल कुठे सुरू होतो ते कळत नाही. दुसऱ्यात मात्र आजीच्या लुगड्याचे काठसुद्धा नीट दिसतात, सगळा फोटो मस्त गर्द तपकिरी. आपण दोन्हींना "जुना झाला म्हणून तपकिरी झाला" असं म्हणून मोकळे होतो. पण पहिला खरोखरच म्हातारा झालेला असतो. दुसऱ्याला तो रंग कुणीतरी मुद्दाम दिलेला असतो, आणि दिला म्हणूनच तो फोटो टिकलेला असतो.

ह्या रंग देण्याला टोनिंग म्हणतात. ब्लॅक अँड व्हाईट फोटो म्हणजे कागदावर बसलेली चांदी. काळा दिसणारा प्रत्येक भाग हा चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो. आणि चांदीचं काय होतं ते आपल्याला देवघरातल्या निरांजनावरून माहीत आहे. हवेतला गंधक लागला की ती काळवंडते. निरांजन घासता येतं, फोटो कसा घासणार? त्यात फोटोतले कण इतके बारीक की काळवंडण्यापर्यंत थांबतही नाहीत, पिवळे पडून विरून जातात. म्हणून मग त्या चांदीवर दुसऱ्या एखाद्या हट्टी धातूचं पांघरूण घालायचं, किंवा चांदीच्या जागी तो धातूच आणून बसवायचा. सोनं, प्लॅटिनम वगैरे. किंवा मग उलटी युक्ती. हवेतला गंधक कधीतरी येऊन वाकडंतिकडं काळं करणारच आहे, तर आपणच आधी गंधक लावून सगळी चांदी एकसारखी 'बिघडवून' टाकायची. आपला ओळखीचा सेपिया तो हाच.

मी गेली बरीच वर्षं हौसेने डार्करूममध्ये प्रिंट करतो. टोनिंगची कृती कुठल्याही पुस्तकात अर्ध्या पानात मावते. अवघड असतं ते रसायन मिळवणं. दुकानदार आधी "कशाला पाहिजे?" म्हणून विचारतो, मग "किती किलो?" म्हणून विचारतो, आणि "पाच ग्रॅम" म्हटलं की पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. पूर्वी मला वाटायचं की हे आजकालचं दुखणं असेल, डिजिटल आल्यामुळे. पण जरा मागे जाऊन वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की फोटो टिकवणाऱ्यांचा पहिल्या दिवसापासून हाच व्याप आहे. कुठली खाण सापडली, कुठे युद्ध लागलं, कुठल्या सरकारनं काय नियंत्रणात घेतलं, त्यावर आपल्या पणजोबांच्या चेहऱ्याचा रंग ठरलेला आहे.

सुरुवात सोन्यापासून करू, कारण इतिहासातही ती तिथूनच होते.

१८३९ साली दागेरनं आपली पद्धत जगापुढे आणली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, त्यावर पाऱ्याच्या वाफेनं उमटलेलं चित्र. दिसायला अप्रतिम, पण बोट लागलं की पुसलं जायचं. पुढच्याच वर्षी, १८४० मध्ये, इपोलित फिझो ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानं (हाच पुढे प्रकाशाचा वेग मोजणारा फिझो) त्या पत्र्यावर सोन्याचं क्लोराईड आणि हायपो यांचं द्रावण ओतलं आणि खालून आच दिली. सोन्याचा पातळ थर चढला, चित्र घट्ट बसलं आणि शिवाय उठावदार झालं. म्हणजे फोटोग्राफी एक वर्षाची होते न होते तोच तिला सोनं लागायला लागलं! आपल्याकडे बाळाला सोनं उगाळून चाटवतात, तसंच काहीसं.

आता हा हायपो म्हणजे काय? सोडियम थायोसल्फेट. जॉन हर्शेलनं १८१९ सालीच शोधून ठेवलं होतं की ह्या मिठात चांदीचे क्षार विरघळतात. वीस वर्षं त्या माहितीचा फारसा कुणाला उपयोग नव्हता. १८३९ मध्ये फोटो आला, आणि उन्हात न उमटलेली चांदी धुवून काढायला नेमकं हेच हवं होतं. पण हायपोत गंधक आहे. फोटो पुरेसा धुतला नाही की तो गंधक कागदातच राहतो आणि आतून चांदीला खात बसतो. ज्यानं फोटो पक्का करायचा तोच त्याचा वैरी. फोटोग्राफीच्या पहिल्या पंधरा वर्षांतले कागदी फोटो पटापट उडायला लागले त्याचं मुख्य कारण हेच होतं.

लोक अर्थातच चिडले. पैसे मोजून काढलेला फोटो चार-पाच वर्षांत पिवळा चिट्टा व्हायला लागला तर कोण चिडणार नाही? १८५५ साली लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीनं ह्यावर एक समितीच नेमली. तिचं लोकांच्या तोंडी बसलेलं नाव 'फेडिंग कमिटी'. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट ह्यांनी तिच्या खर्चाला पन्नास पौंड दिले. (फोटो उडण्याची काळजी राजवाड्यापर्यंत पोचली होती तर.) समितीत रॉजर फेंटन होता, किंग्ज कॉलेजचा रसायनतज्ज्ञ हार्डविच होता. त्यांचा निष्कर्ष साधारण असा: हायपो नीट धुवा, दमटपणा आणि लंडनच्या हवेतला गंधक टाळा, आणि प्रिंटला सोन्याचं टोनिंग करा.

ह्या शेवटच्या सल्ल्यानं सोन्याला एक नवीनच गिऱ्हाईक मिळालं. त्यापुढची चाळीसेक वर्षं जगभर जे फोटो निघाले ते बहुतेक अल्ब्युमेन कागदावरचे. हा कागद ब्लांकार-एव्हरार ह्या फ्रेंच माणसानं १८५० मध्ये आणला. अंड्याच्या पांढऱ्यात मीठ किंवा नवसागर घालून तो कागदावर चढवायचा, वाळवायचा, मग सिल्व्हर नायट्रेटवर तरंगवायचा. नवसागर म्हणजे तोच, कल्हईवाला भांडं तापवून त्यावर टाकतो तो. ह्या कागदावर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरलं की चित्र आपोआप उमटतं, विटकरी रंगाचं. पण तसंच हायपोत टाकलं तर ते एकदम गरीब, पिवळट दिसायला लागतं. त्याआधी सोन्याच्या द्रावणात काही मिनिटं बुडवलं की विटकरीचं जांभळट तपकिरी होतं. गिऱ्हाइकाला तो जांभळट रंगच 'खरा फोटो' वाटायचा. म्हणजे टिकावासाठी नाही म्हटलं तरी रूपासाठी सोनं लागायचंच.

सोनं विरघळवायचं कसं ते आपण शाळेत शिकलो आहोत, फक्त विसरलो आहोत. अम्लराज! तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल. दोन्ही वेगवेगळी सोन्याला काही करू शकत नाहीत, एकत्र आली की सोनं पिवळं पाणी होऊन जातं. त्या काळच्या फोटोग्राफीच्या पुस्तकांतून चक्क सोन्याचं नाणं विरघळवायची कृती दिलेली असायची. बाजारच्या क्लोराईडचा भरवसा नसेल तर घरीच करा म्हणून. अर्धा सॉव्हरिन घ्या, अम्लराजात टाका. नाणं बावीस कॅरेटचं, त्यात तांबं असतं, म्हणून मग त्यात हिराकशीचं पाणी घालायचं. तांबं वरच राहतं आणि सोनं तपकिरी भुकटी होऊन तळाशी बसतं. ती धुवून पुन्हा अम्लराजात. जरा हिशोब केला तर अर्ध्या सॉव्हरिनमध्ये सुमारे ३.६६ ग्रॅम शुद्ध सोनं, त्याचं साधारण सात ग्रॅम क्लोराईड होतं. म्हणजे ११० ग्रेनच्या आसपास. अल्ब्युमेनच्या एका पूर्ण तावाला एक ग्रेन लागतं असा त्यांचा ठोकताळा होता. एका तावातून छोटी व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराची चित्रं कितीतरी निघायची, तेव्हा प्रत्येक चेहऱ्याच्या वाट्याला सोनं यायचं ते अगदी नखावरच्या धुळीएवढंही नाही. पण असायचं. तुमच्या पेटीत एकोणिसाव्या शतकातला जांभळट तपकिरी फोटो असेल तर त्यात खरंखुरं सोनं आहे. (सराफाकडे नेऊ नका, हसेल.)

ज्यांना हा खटाटोप नको त्यांच्यासाठी पंधरा ग्रेनच्या, म्हणजे जवळजवळ एका ग्रॅमच्या, काचेच्या बंद नळ्या मिळायच्या. बंद अशासाठी की सोन्याचं क्लोराईड हवेतला ओलावा पटकन ओढून घेतं आणि चिकट पाणी होतं. नळी बाटलीत टाकायची, बाटलीतच फोडायची, वर पाणी ओतायचं. सोनं एक थेंबही हाताला लागून वाया जाऊ द्यायचं नाही. आणि ह्या द्रावणाचा आंबटपणा मोडायला त्यात बऱ्याचदा काय घालायचे? टाकणखार! सोनार डाग लावताना वापरतो तीच सवागी. युरोपला एकेकाळी हा टाकणखार तिबेटच्या तळ्यांतून, हिंदुस्थानातल्या बाजारांतून जायचा. कच्च्या टाकणखाराला त्यांच्याकडे 'टिंकल' म्हणायचे, तो शब्द आपल्या टङ्कणावरूनच गेला. फोटोग्राफी येईपर्यंत टस्कनीतून बोरिक आम्ल निघायला लागलं होतं आणि पुढे कॅलिफोर्नियातही साठे सापडले, त्यामुळे तिबेटची सद्दी संपली. पण शब्द राहिला.

मुंबईचं काय? मुंबई ह्या बाबतीत अजिबात मागे नव्हती. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑक्टोबर १८५४ मध्ये स्थापन झाली, म्हणजे लंडनच्या सोसायटीनंतर दीड-पावणेदोन वर्षांत, आणि कलकत्ता-मद्रासच्या दोन वर्षं आधी. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण, ज्यांचा पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ होता, ते ह्याच वर्गातले. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी सोसायटीच्या कार्यकारिणीवर होते. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर. त्या काळातल्या हौशी फोटोग्राफरांत डॉक्टर, लष्करी अधिकारी आणि रसायनं हाताळणारी माणसं इतकी का दिसतात ह्याचं मला पूर्वी कोडं वाटायचं. आता वाटत नाही. सिल्व्हर नायट्रेट, आम्लं, आयोडीन ह्या सगळ्या गोष्टी डॉक्टरच्या कपाटात आधीपासूनच असत. सिल्व्हर नायट्रेटनं तर जखमा डागत. फोटोग्राफीचं अर्धं दुकान औषधांच्या दुकानातच होतं.

बाकीचं जहाजानं यायचं. सुएझ कालवा १८६९ चा. त्याआधी माल एकतर आफ्रिकेला वळसा घालून यायचा, नाहीतर अलेक्झांड्रियाला उतरून, जमिनीवरून सुएझला येऊन, पुन्हा बोटीत चढून. चांदी लावलेला कागद उष्ण हवेत तपकिरी पडतो, त्यामुळे तो इथंच त्या दिवसापुरता तयार करावा लागे. पण मला ह्या सगळ्यात सर्वांत दुर्मिळ रसायन वाटतं ते वेगळंच. पाणी! हायपो धुवायला भरपूर, वाहतं, स्वच्छ पाणी तासन्‌तास लागतं. आणि १८५० च्या दशकातल्या मुंबईत विहिरी आणि तळी ह्यांच्यावरच सगळा कारभार होता, उन्हाळ्यात पाण्याचा ठणठणाट. विहार तलावाचं पाणी नळानं शहरात आलं ते १८६० साली. त्याच्या आधीच्या एप्रिल-मे महिन्यात मुंबईत फोटो धुणाऱ्या माणसाला घरच्यांनी काय काय ऐकवलं असेल ह्याची कल्पना करवत नाही. सहा-आठ घागरी पाणी, आणि तेही एका कागदाच्या तुकड्यावर! आज संग्रहालयांतले त्या पहिल्या वर्षांतले हिंदुस्थानी प्रिंट बघताना जे पिवळे पडलेले दिसतात, त्यांच्याकडे मी आता जरा वेगळ्या नजरेनं बघतो.

जाता जाता आणखी एक. सिल्व्हर नायट्रेटमधली बहुतेक चांदी प्रिंटमध्ये राहतच नाही. ती धुण्याच्या पाण्यात, हायपोत, कागदाच्या कातरणात जाते. म्हणून पुस्तकांतून सल्ला असायचा की कातरण जाळून राख साठवा, पहिलं धुणं पिंपात साठवा, मीठ टाकून गाळ बसवा आणि धातू गाळणाऱ्याला विका. आपल्याकडे सराफकट्ट्यावरची धूळ झाडून, धुवून त्यातून सोनं काढणारे झारेकरी आहेत, अगदी तोच धंदा. मोठ्या स्टुडिओंचं वर्षअखेरीचं गणित ह्या गाळावर बऱ्यापैकी जमायचं म्हणतात, आणि ते पटतं.

आता प्लॅटिनम. ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त चटका लावते.

विल्यम विलिस नावाच्या इंग्रज माणसानं १८७३ साली एक पद्धत पेटंट केली, जिच्यात चित्र चांदीचं नव्हतंच. कागदाला लोखंडाचा एक क्षार आणि प्लॅटिनमचा एक क्षार लावायचा. उजेडानं लोखंड बदलतं, आणि बदललेलं लोखंड प्लॅटिनमला धातूच्या रूपात खाली बसवतं. काळा-करडा, मऊ, मखमली रंग. आणि प्लॅटिनमला ना गंधक बाधतो ना दमट हवा. कागद कुजेल पण चित्र जाणार नाही. १८७९ मध्ये विलिसनं प्लॅटिनोटाइप कंपनी काढली आणि तयार कागद विकायला सुरुवात केली.

हे परवडलं कसं? तर तेव्हा प्लॅटिनम सोन्यापेक्षा बरंच स्वस्त होतं. आज खरं वाटत नाही, पण फार काळ ह्या धातूचं काय करायचं हेच कुणाला कळत नव्हतं. स्पॅनिश लोकांना तो कोलंबियात सोन्याबरोबर सापडला तेव्हा त्यांनी त्याला 'प्लातिना' म्हटलं, म्हणजे 'बारकी चांदी', जरा तुच्छतेनंच. पुढे रशियात उरल पर्वतात भरपूर सापडला तेव्हा झारनं त्याची नाणी पाडली, १८२८ ते १८४५. मग तीही बंद झाली. असा हा बिनकामाचा धातू विलिसच्या हाती लागला, आणि मग पस्तीसेक वर्षं जगातल्या उत्तमोत्तम फोटोग्राफरांनी दुसऱ्या कशाला हात लावला नाही. एमर्सन, स्टीग्लिट्झ, गर्ट्रूड केझेबिअर, फ्रेडरिक इव्हान्स. चांदीच्या मॅट कागदांना टोन करायलाही प्लॅटिनम वापरायला लागले, सोन्यानंतर प्लॅटिनम अशी दुहेरी अंघोळ.

पण बिनकामाचा धातू कायम बिनकामाचा राहत नाही. विजेच्या दिव्यांत काचेतून आत जाणारी तार प्लॅटिनमची, कृत्रिम दातांच्या खिळ्या प्लॅटिनमच्या, मग दागिन्यांत प्लॅटिनम, आणि मुख्य म्हणजे रसायनांच्या कारखान्यात. सल्फ्युरिक आम्ल करायला प्लॅटिनम, आणि अमोनियापासून नायट्रिक आम्ल करायला प्लॅटिनमची जाळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भाव सोन्याच्या वर गेला. १९१४ मध्ये महायुद्ध लागलं. नायट्रिक आम्लाशिवाय स्फोटकं नाहीत, आणि जगातलं बहुतेक प्लॅटिनम रशियातून यायचं. १९१७ मध्ये तिथे क्रांती. युद्धकाळात सरकारांनी प्लॅटिनम आपल्या ताब्यात घेतलं. कोडॅकनं १९१६ मध्ये प्लॅटिनमचा कागद बनवणं थांबवलं.

फ्रेडरिक इव्हान्स हा लंडनचा पुस्तकविक्रेता. त्यानं इंग्लंडमधली कॅथेड्रल्स ज्या तऱ्हेनं टिपली तशी नंतर कुणाला जमली नाहीत. वेल्सच्या कॅथेड्रलमधल्या झिजलेल्या पायऱ्यांचा त्याचा १९०३ चा फोटो तुम्ही कुठेतरी पाहिला असेल, दगडी पायऱ्या समुद्राच्या लाटांसारख्या वर चढत गेलेल्या. त्याला प्लॅटिनमखेरीज दुसरा कागद चालतच नसे. कागद मिळेनासा झाला तेव्हा त्यानं फोटोग्राफी जवळजवळ सोडूनच दिली. काही जण म्हणतील अतिच झालं, ब्रोमाईड कागद होता की! पण मला त्याचं समजू शकतं. सारंगीचे तार मिळेनात म्हणून हार्मोनियम वाजव असं कुणी सारंगियाला सांगितलं तर तो काय करील?

कंपनीनं मात्र हात टेकले नाहीत. १९१६ मध्ये त्यांनी प्लॅटिनमच्या भावंडाचा, पॅलेडियमचा, कागद बाजारात आणला. रंगाला जरा जास्त उबदार, तपकिरीकडे झुकणारा. स्टीग्लिट्झनं जॉर्जिया ओकीफची जी प्रसिद्ध चित्रं काढली त्यातली बरीच पॅलेडियमवर आहेत. टीना मोदोत्ती, एडवर्ड वेस्टन ह्यांनीही ते वापरलं.

पॅलेडियमचा जन्मच मुळी दुकानात झालेला आहे. विल्यम वोलॅस्टन ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला तो प्लॅटिनमच्या खनिजात सापडला. पण शोधनिबंध वगैरे न लिहिता त्यानं १८०३ मध्ये निनावी पत्रकं छापली आणि लंडनच्या सोहो भागातल्या एका दुकानात हा 'नवा धातू' चक्क विकायला ठेवला! चेनेविक्स नावाच्या दुसऱ्या एका रसायनशास्त्रज्ञानं तो घेतला, तपासला आणि जाहीर केलं की ही फसवणूक आहे, हा तर प्लॅटिनम आणि पाऱ्याचा मिश्रधातू. त्यावर पुन्हा निनावीपणेच वोलॅस्टननं वीस पौंडांचं बक्षीस लावलं, कुणी तसा करून दाखवावा. कुणालाच जमलं नाही. अखेर १८०५ मध्ये त्यानं तो आपणच शोधल्याचं कबूल केलं. दुर्मिळ रसायन विकत घेताना "हे खरंच ते आहे ना?" हा जो प्रश्न आपल्याला पडतो त्याला अशी घरंदाज परंपरा आहे.

आणि स्वस्त पर्याय म्हणून आलेल्या पॅलेडियमचं पुढे काय झालं? मोटारींच्या धुरांड्यात प्रदूषण कमी करायला ते लागायला लागलं. २०१९ पर्यंत भाव सोन्याच्या वर गेला, आणि मार्च २०२२ मध्ये, रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर, औंसाला तीन हजार डॉलरच्या पुढे. पुन्हा रशिया, पुन्हा युद्ध. नंतर तो बराच खाली आला, पण मधल्या काळात हातानं कागद माखणाऱ्या जगभरच्या मूठभर हौशी लोकांची फार ओढाताण झाली.

युरेनियमबद्दल थोडक्यात, कारण टोनिंगच्या दृष्टीनं ते फारसं चांगलं नव्हतंच. होय, युरेनियम! युरेनियम नायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाईड मिळून ब्रोमाईड प्रिंटला झकास विटकरी लाल रंग येतो. बोहेमियातल्या योआखिमस्टालच्या खाणीतून ते निघायचं, काचेला पिवळा-हिरवा रंग द्यायला वापरायचे, आणि फोटोच्या दुकानात सहज मिळायचं. पण रंग टिकाऊ नाही, क्षारयुक्त पाण्यात धुतला की निघून जातो. आपल्या बोअरवेलच्या पाण्यात तर पाचच मिनिटांत. गंमत म्हणजे १८९६ मध्ये बेकेरेलला किरणोत्साराचा पत्ता लागला तो काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर युरेनियमचा क्षार ठेवल्यामुळेच. त्यानंतर पन्नास वर्षांत जगानं युरेनियमचं दुसरंच काहीतरी केलं, आणि ते दुकानातून कायमचं गेलं. आपल्याकडे अणुऊर्जा कायद्याखाली ते सरकारच्या ताब्यात आहे. लाल प्रिंट काढायचाय म्हणून परवाना मागायला कोण जाणार?

मग सेलेनियम. १८१७ साली स्वीडनमध्ये बर्झेलियस आणि गान ह्यांना सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यातल्या गाळात ते सापडलं. त्याची स्वतंत्र खाण नसते. तांबं विजेनं शुद्ध करताना तळाशी जो काळा चिखल साचतो त्यातून ते निघतं, म्हणजे तांबं जितकं गाळलं जाईल तितकंच सेलेनियम. चांदीच्या प्रिंटला ते अतिशय पातळ द्रावणातही घट्ट पकडतं, रंग फारसा न बदलता सावल्या खोल करतं. अॅन्सेल अॅडम्सनं त्याचा इतका पुरस्कार केला की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'संग्रहालयात टिकणारा प्रिंट' म्हणजे सेलेनियम केलेला प्रिंट असं समीकरणच झालं. आणि हा पठ्ठ्या फोटोग्राफीत आणखी दोन दारांनी शिरलेला आहे. १८७३ मध्ये (विलिसचंच वर्ष!) तारयंत्राच्या केबल तपासताना विलोबी स्मिथच्या लक्षात आलं की उजेड पडला की सेलेनियममधून वीज जास्त वाहते. त्यातून १९३० च्या दशकात बॅटरीशिवाय चालणारे लाइटमीटर आले. आणि १९५९ च्या झेरॉक्स ९१४ यंत्रातला ड्रमही सेलेनियमचाच. उजेड मोजायला सेलेनियम, प्रिंट टिकवायला सेलेनियम, आणि नक्कल मारायलाही तेच.

ते विषारी आहे, हे मात्र विसरून चालत नाही. पंजाबात नवांशहर-होशियारपूरकडे काही गावांच्या मातीतच ते जास्त आहे, तिथला चारा खाऊन गुरांची खुरं झडतात. डार्करूममध्ये हातमोजे आणि उघडी खिडकी ह्या दोन गोष्टींत मी कुणाशीही वाद घालत नाही.

आता प्रश्न पडेल की आपल्या आजी-आजोबांच्या त्या गर्द तपकिरी फोटोत ह्यातलं नेमकं काय आहे. बहुतेक वेळा काहीच नाही! विसाव्या शतकातल्या आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांना प्लॅटिनम आणि सेलेनियम कुठून परवडणार? त्यांचा तपकिरी रंग गंधकाचा. सेपिया हे नाव माकुलाच्या शाईवरून आलं, पण फोटोत माकुलाचा काही संबंध नाही. फेरीसायनाईड आणि ब्रोमाईडमध्ये प्रिंट घालून तो फिका करायचा, आणि मग सोडियम सल्फाईडमध्ये बुडवायचा. नासक्या अंड्यांचा असा वास सुटतो की शेजारी चौकशीला येतात. पण सोडियम सल्फाईड हे दुर्मिळ कधीच नव्हतं. चामड्यावरचे केस काढायला टॅनरीत लागतं, कापडाच्या गंधकी रंगांना लागतं. गिरण्यांच्या मुंबईत वडगादीच्या रंग-रसायनांच्या बाजारात ते पोत्यानं मिळत असणार. जे सर्वांत स्वस्त, सर्वांत घाणेरड्या वासाचं, तेच सर्वांत पक्कं निघालं. तेव्हा स्टुडिओवाल्यानं चार आणे जास्त घेऊन सेपिया करून दिला असेल तर ते चार आणे घरातल्या कुणीतरी फार शहाणपणानं खर्च केले असं समजा.

सोन्याचं क्लोराईड आजही मिळतं. फोटोच्या सामानाच्या दुकानात ते विचारण्यात अर्थ नाही, प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्यांकडे मिळतं, एक ग्रॅमच्या काचेच्या कुपीत, जवळजवळ त्या जुन्या पंधरा ग्रेनच्या नळीएवढंच. ते घेणारे मुख्यतः पॅथॉलॉजीवाले. यकृताचा किंवा अस्थिमज्जेचा तुकडा तपासताना त्यातले रेटिक्युलिनचे बारीक तंतू दिसावेत म्हणून त्यावर चांदी चढवतात, मग सोन्याच्या क्लोराईडमध्ये टोन करतात, आणि शेवटी हायपोत पक्का करतात. क्रम अगदी तोच, अल्ब्युमेन प्रिंटचा. मोठ्या रुग्णालयांच्या लॅबमध्ये हे अजून चालतं, आणि ते करणाऱ्या तंत्रज्ञांचा शब्दही 'टोनिंग' हाच आहे. माझी शेवटची कुपी अशाच एका पुरवठादाराकडून आली. त्यानं बिलावर 'हिस्टोलॉजीसाठी' असं लिहिलं, मी काही दुरुस्त करायला सांगितलं नाही.